ओळ दाखव

देवस्थळी सर दूधसुद्धा पुराव्याशिवाय घेत नसत.

अबू धाबीत आमच्या इमारतीखाली कोयाचा बकाला होता, म्हणजे तिकडचं कोपऱ्यावरचं किराणा दुकान. "साब, दूध एकदम फ्रेश," असं कोया म्हणाला की सर चष्मा कपाळावर सरकवायचे. "लाइन दिखाओ." कोया पाकीट फिरवून तारखेवर बोट ठेवायचा. "शाब्बास. ए ग्रेड," म्हणून सर दूध घेऊन वर जायचे. कोयाच्या हे इतकं अंगवळणी पडलं की तो इतर गिऱ्हाइकांनाही आपण होऊन तारीख दाखवायला लागला, आणि आदल्या दिवसाचं दूध खपेना म्हणून मालकाच्या शिव्या खायला लागला.

सर आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एकटे राहायचे. काकू आणि मुलगी शाल्मली चिपळूणला. माझ्या शाळेत ते बारावीला इंग्रजी साहित्य शिकवायचे आणि दर शुक्रवारी आमच्याकडे जेवायला यायचे. एकदा आई म्हणाली, "आज आमटी आवडली नाही वाटतं."

"ओळ दाखवा, वहिनी."

आईने त्यांच्या वाटीच्या तळाला राहिलेल्या आमटीकडे बोट केलं. सरांनी वाटी तोंडाला लावून रिकामी केली. "आता तुमच्याकडे पुरावा नाही!"

आई हसली. बाबा हसले. मी हसले नाही, कारण उरलेले सहा दिवस वर्गात तेच वाक्य माझ्या मानेवर बसलेलं असायचं: जे म्हणतेस ते पुस्तकातल्या कोणत्या ओळीत आहे, ते दाखव.

मी बारावीत गेले त्या वर्षी शाळेने अमेरिकेतल्या एका कॉलेजाशी मिळून नवा कोर्स काढला होता. गोष्टी, नाटकं, कविता वाचायच्या, त्यांवर निबंध लिहायचे आणि तेच निबंध बारावीलाही धरायचे, कॉलेजच्या पहिल्या वर्षालाही. मुसफ्फाच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या वर्कशॉपमधून घामाघूम होऊन आलेले बाबा भेटेल त्याला सांगायचे, "एका तिकिटात दोन सिनेमे!" कोर्स सरांकडे आला, तसा त्यांचा पगार वाढला. त्या पगारावर फॅमिली व्हिसा मिळणार होता. उन्हाळ्यात काकू आणि शाल्मली येणार, हे अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं. शाल्मली माझ्याच वयाची. तिला अभ्यासाला म्हणून सरांनी टेबलही आणलं. मी एकदा निबंध द्यायला गेले तेव्हा पाहिलं. वरचं प्लास्टिक तसंच होतं. खोलीत एक खाट, एक खुर्ची आणि ते टेबल. बाकी खोली इतकी रिकामी की बोललं तर घुमायचं.

शेवटच्या निबंधासाठी एका म्हाताऱ्याची गोष्ट होती. तो रोज संध्याकाळी बंदरावर जातो, उतरणारी माणसं बघत बसतो आणि विचारणाऱ्याला सांगतो, 'हवा खायला आलोय.' मी लिहिलं, म्हातारा एकटा पडला आहे. सरांनी समासात लाल शाईने लिहिलं, 'ओळ?'

"Sir, it's obvious," मी म्हणाले. सर मराठीत बोलायचे आणि मी इंग्रजीत उत्तर द्यायचे. आम्हा तिथल्या सगळ्याच मुलांचं तसं होतं.

"ऑब्व्हियस म्हणजे तू वाचलेलं नाहीस. म्हाताऱ्याने तुला फोन करून सांगितलं का? ओळ दाखव."

मी पुन्हा लिहिलं. पुन्हा 'ओळ?' तिसऱ्या खेपेला पानात माझी शाई कमी आणि त्यांची जास्त. पक्का निबंध पाकिटात बंद करून थेट कॉलेजला जायचा होता, सर तो बघणार नव्हते. मी घाबरले आणि खर्डा अमेरिकेतल्या दादाला ईमेल केला. दोन दिवसांनी निबंध परत आला तो सूटबूट घालूनच. त्यातलं एक वाक्यही माझं राहिलं नव्हतं. मी तो तसाच पाकिटात घातला.

मे महिन्यात कॉलेजच्या प्रोफेसर बाई तपासणीला आल्या. त्यांनी मला प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर माझा कच्चा खर्डा आणि पक्का निबंध शेजारी शेजारी ठेवले होते. एसी घरघरत होता आणि माझ्या मानेवरून घाम ओघळत होता.

"हे दोन्ही एकाच मुलीने लिहिलंय?" बाईंनी विचारलं. आवाज मऊ होता. मऊ आवाजाची मला तेव्हापासून भीती वाटते. "कोणी मदत केली?"

दादाचं नाव घेतलं तर निबंध बाद, कोर्स बाद, बाबांचे दोन्ही सिनेमे बंद. मी म्हणाले, "सरांनी पाहिलाय."

खोटं नव्हतं. सरांनी खर्डा पाहिलाच होता.

"फक्त पाहिला?"

मी खाली मान घालून बुटांकडे बघत राहिले. प्रिन्सिपलनी शिपायाला पाठवून सरांना बोलावून घेतलं.

सर खडूने पांढऱ्या झालेल्या बोटांनी आत आले. प्रिन्सिपल म्हणाले, "मिस्टर देवस्थळी, हा निबंध तुम्ही लिहून दिलात, असं दिसतंय."

आता ते म्हणणार, मला खात्री होती. दुधाच्या पाकिटाला सोडलं नाही तो माणूस हे कसं सोडेल? चष्मा कपाळावर जाणार आणि विचारणार, 'दाखवा ओळ.' मग मला दादाचं नाव घ्यावं लागणार.

सर उभ्याउभ्या निबंध वाचायला लागले. पहिल्यांदाच वाचत होते. पान उलटलं. दुसरं उलटलं. एका शब्दावर त्यांचं बोट थांबलं. 'क्विंटेसेन्शियल.' तो शब्द मला आजही धड म्हणता येत नाही. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा बुटांकडे.

"हो," सर म्हणाले. "मदत जरा जास्तच झाली. चूक माझी. मुलीला लिहिता येतं. तिला कोरे कागद द्या आणि एका खोलीत बसवा."

मला त्याच दुपारी बसवलं. गोष्ट समोर. तासभर मी नुसती रडत होते. मग काहीतरी करायचं म्हणून वाचायला लागले, आणि ती ओळ सापडली. म्हातारा 'हवा खायला आलोय' म्हणतो त्या दिवशी बंदरावर वारा पडलेला असतो. शिडं लोंबत असतात. इतके दिवस ती ओळ तिथेच होती. त्या एका ओळीवर मी चार पानं लिहिली, माझ्या मोडक्या इंग्रजीत. पास झाले. शाळेतही आणि कॉलेजातही. बाबांनी इमारतीत मिठाई वाटली. कोयाने दोन पेढे घेतले.

सरांकडून कोर्स काढून घेतला. त्यांना सहावीचं व्याकरण दिलं आणि पगार परत जुना झाला. घरी फक्त एवढंच कळलं की कोर्स गेला. का गेला ते सरांनी सांगितलं नाही. मीही नाही.

पुढच्या शुक्रवारी ते जेवायला आले, मागे दोन हमाल आणि ते टेबल.

"अहो सर, हे काय?" आई गोंधळली. "शाल्मली यायची आहे ना?"

"पुढच्या वर्षी. इन्शाल्ला." तिकडे इन्शाल्ला म्हणजे बहुधा नाहीच, हे इतकी वर्षं काढलेल्या आईला ठाऊक होतं. "मंजूला होईल," सर माझ्याकडे बघून म्हणाले. "माझ्याकडे उगाच जागा अडत होती."

मी ती खोली पाहिली होती.

बाबा हमालांना सोडायला लिफ्टपर्यंत गेले, आई पानं घ्यायला आत. सर वाकून टेबलाचा खण आत-बाहेर करून बघत होते. मी जवळ गेले. त्यांच्याशी कधी नव्हे ते मराठीत बोलले.

"सर, तुम्ही ओळ का नाही मागितलीत?"

त्यांनी खण पूर्ण आत ढकलला. पुन्हा ओढला.

"मागितली असती तर तुला दाखवावी लागली असती," ते म्हणाले. "इथे जरा तेल घाल, करकरतोय."