दुहेरी काचेतील दवाचा पाडाव

"घरात भोक दिसलं की आधी बुजवायचं, मग विचारायचं," ऐसे फर्मान कैलासवासी मामंजींनी हयात असता चिरंजीवांस दिले होते, आणि चिरंजीवांनी जन्मात वडिलांचे एवढेच ऐकिले. त्यापासून जे घडले ते, जगन्नियंत्याचे स्मरण करून, पदरचे काही न घालता येथे लिहिले आहे. वाचणारांनी हसू आल्यास हसावे, मात्र आधी आपली खिडकी पाहून यावी.

चिरंजीव म्हणजे अखंडितपराक्रमी खिडकीबहादर, कचेरीत कारकून, घरात सेनापती. तळमजल्यावर रस्त्याचे अंगास दुहेरी काचेची न उघडणारी नवी खिडकी बसविली, ते दिवशी स्वारी पाहणीस निघाली आणि चौकटीच्या तळाशी बाहेरून बारीक भोके नजरेस पडली, मग पित्याचे फर्मान स्मरले, मग सिलिकॉनची नळी बंदुकीत भरून एकूणएक भोक बुजविले आणि आता मुंगीचीही शिरण्याची बिशाद नाही ऐसे जाहीर केले. मुंगी न आली. पावसाचे पाणी मात्र चौकटीत उतरले आणि निघावयास वाट न राहून तेथेच ठाणे देऊन बसले.

काही पावसाळे गेले आणि एके थंड सकाळी दोन काचांचे मध्ये दव प्रकट जाहले.

त्याच खिडकीशी मातुश्रींचा पलंग. मांडीचे हाड मोडल्यापासून त्या उठत नसत. समोरच्या घरी त्यांची थोरली बहीण, मावशीसाहेब, कानांनी ठार बहिऱ्या, गुडघ्यांनी जायबंदी. म्हणून रोज सकाळी दोघींचा दरबार काचेतून भरे आणि झोप लागली का, जेवण गेले का, सून नीट वागते का, ऐशी सवालजबाबी हातवाऱ्यांनी होई. शेवटल्या सवालाचा जबाब मातुश्री पदराआडून देत, तरी सूनबाईंस तो पाठ होता. दव आले आणि दरबार बरखास्त जाहला.

सूनबाई निरोप घेऊन रस्ता ओलांडून गेल्या, कागदावर खुशाली लिहिली, फोनवरचा फोटो पेश केला. मावशीसाहेबांनी फोन परत केला.

"फोटो काय, गेलेल्यांचेही असतात. ती गेलीय आणि तुम्ही मला सांगत नाही. काचेत दिसेल तेव्हा खरं." आणि पडदा ओढून घेतला. मग सूनबाईंनी त्यांचे हातावर हात ठेवून, दिसतील त्या दिवशी मी स्वतः येऊन तुम्हांस खिडकीशी नेईन, ऐसे वचन लिहून दिले.

इकडे मोहीम सुरू जाहली. खिडकीबहादरांनी काच आतून पुसली, बाहेरून पुसली, केस वाळविण्याच्या यंत्राचा मारा केला, दव न हटले. मग घरात फितुरी आहे ऐसे ठरवून, ही सारी स्वयंपाकघरातील वाफ आहे, सबब आजपासून काही उकळू नये, ऐसा हुकूम सोडिला. सारे घर पाव चावू लागले. मातुश्रींना दात नव्हते, हे मसलतीत कोणाचे ध्यानी न आले.

"अहो, दोन्ही अंगांनी फडकं कोरडंच निघतंय," सूनबाई हळूच म्हणाल्या. "दव मधे आहे."

"मधे कसं जाईल? बंद आहे ना ती!"

"बंद होती."

इतके बोलून सूनबाई देवाचे नाव घेत बाहेर गेल्या आणि केसातील आकडा काढून एक भोक मोकळे केले, तो आतून काळे, आंबट वासाचे पाणी भळभळा वाहून त्यांचे चपलांवर आले. मग त्यांनी हुकमाची वाट न पाहता काचेच्या दुकानाची मालकीण बोलाविली.

तिने पाहून सांगितले की, पाण्यात बसून कडेचे लेपण सुटले, तेथून दमट हवा आत शिरली, मधल्या पट्टीत ओल शोषणारे दाणे असतात, नव्या जोड्यांच्या खोक्यात पुडी असते तसले, ते पिऊन पिऊन तट्ट जाहले, आणि मग उरलेली ओल गार काचेवर जमू लागली. हे पुसून जाणार नाही, दोन काचांचा जोडच बदलावा लागेल.

"खालची भोकं कुणी बुजवली हो?"

खिडकीबहादरांस खोकला आला. "तशीच आली असतील."

"आमच्या दुकानातून?"

"वारा लागतो हो आईला," ते म्हणाले आणि पाणी प्यावयास आत गेले.

जोड बदलला, उरलेली भोकेही मोकळी केली आणि ती मोकळीच राहिली, कारण बंदूक सूनबाईंनी पिठाच्या डब्यात नजरकैद केली होती. काच लख्ख जाहली. खिडकीबहादरांनी शेजारपाजार जमवून, शत्रू मध्यभागी आहे हे आपण आरंभीच ताडिले होते, ऐसे निवेदन केले आणि चहा उकळण्याची परवानगी मोठ्या मनाने दिली. येणेप्रमाणे खिडकीबहादरांची फत्ते जाहली, ती येथे रुजू केली आहे.

पलंगावर मातुश्री उशीला टेकून समोर पाहत होत्या. समोरचा पडदा बंदच होता. हात उचललेला, तो तसाच राहिला.

"बाई गं, ती बघतच नाही की."

चहाचे कप तसेच ठेवून सूनबाईंनी त्याच डागाळलेल्या चपला पायात सरकविल्या, आणि शेजारी टाळ्या वाजवीत असता, कोणास न सांगता रस्त्यावर उतरल्या.