टॅमसिन ऑर्गनवर आहे

विल्फ्रेड ऑर्मरॉड यांच्या बैठकीच्या खोलीत त्या बुधवारी जेवढ्या खुर्च्या मावत होत्या, त्याच्या दुप्पट माणसं बसली होती. हॅम सँडविचच्या थाळ्या फिरत होत्या. फडताळावर नवा कोरा रेडिओ होता आणि त्याच्या बरोबर खाली, काचेच्या मोठ्या भांड्यात, त्यांच्या बायकोनं, नोरीनबाईंनी, केलेलं ट्रायफल, म्हणजे जेली-कस्टर्डचं थरांचं गोड, होतं. विल्फ्रेडची नात टॅमसिन हिच्या कॉलेजच्या चॅपलमधून सायंप्रार्थना थेट प्रसारित होणार होती आणि ती तिथे ऑर्गन वाजवणार होती. ही बातमी हॅगथॉर्न गावात विल्फ्रेडनं स्वतः पोचवली होती. पोस्टात सांगितली, मासे तळणाऱ्याच्या दुकानात सांगितली, एका अंत्यविधीला तर थेट शवपेटी उचलणाऱ्यांनाच सांगितली.

आणि त्याच दिवशी सकाळी टॅमसिनचा फोन आला होता.

"आजोबा, तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत ना?"

"छे गं! मी कशाला सांगतोय?" विल्फ्रेड म्हणाला. त्याच्या मागे नोरीन शेजाऱ्यांच्या खुर्च्या एकेक करून आत आणत होती.

"सुटले! आई म्हणत होती, तुम्हाला वाटतंय मीच वाजवणार आहे. मी पानं उलटते, आजोबा."

"कसली पानं?"

"स्वरलिपीची. वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात ना, म्हणून शेजारी कुणीतरी लागतं."

"पण तू तर म्हणालीस, ऑर्गनवर आहे!"

"ऑर्गनवरच आहे की!"

 विल्फ्रेड स्वतः तीस वर्षं बसवर कंडक्टर होता. कुणी विचारलं, की "गाडीवर होतो," एवढंच सांगायचा. समोरचा त्याला ड्रायव्हर समजून घाटातल्या वळणांचं कौतुक करू लागला, तर त्याला मध्येच तोडणं विल्फ्रेडला असभ्यपणाचं वाटायचं. नात आजोबांच्या वळणावर गेली होती, आणि आजोबांनीच तिला ओळखलं नव्हतं.

"सांगून टाक सगळ्यांना, मोकळा हो," नोरीन म्हणाली.

"क्लेगबाईंच्या समोर? त्यापेक्षा मी कोळशाच्या कोठीत जाऊन बसतो."

विनिफ्रेड क्लेगबाईंचा भाचा एकदा टीव्हीवर दिसला होता. हवामानाच्या बातम्या देणाऱ्याच्या मागून तो उलटी झालेली छत्री धरून पळाला होता. त्यावर क्लेगबाईंनी गावात आठ वर्षं मिरवून घेतलं होतं. ते आठ वर्षं मुकाट्यानं ऐकलेल्या विल्फ्रेडला आज कुठे फेडीचा दिवस दिसला होता, आणि तोही असा हातातोंडाशी येऊन निसटत होता.

ठरल्या वेळी रेडिओवर निवेदक दबक्या आवाजात बोलू लागला. गायकवृंदानं पहिला सूर लावला आणि खोलीत सगळ्यांनी चावणं थांबवलं. थोडा वेळच थांबवलं. स्तोत्रं सुरू झाली तशा थाळ्या पुन्हा फिरू लागल्या.

"हे तिचंच वाजवणं ना?" मरियेच्या स्तोत्राला क्लेगबाईंनी विचारलं. "जरा हळू वाटतंय. ती मोहरी द्या हो इकडे."

"ऑर्गनवर तीच आहे," विल्फ्रेड म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता, पण घाम काही थांबत नव्हता.

गावचे पाळक रेव्हरंड प्रॉसर यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "आणि बरं का, शेवटी निवेदक वाजवणाऱ्याचं नाव घेतो. साऱ्या देशाला ऐकू जातं. तेव्हा आपण जोरात टाळ्या वाजवू!"

विल्फ्रेडच्या हातातलं सँडविच पुन्हा थाळीत गेलं. ही गोष्ट त्याच्या ध्यानातच नव्हती.

एवढ्यात चॅपलमध्ये 'माझा देवावर विश्वास आहे' ही श्रद्धेची कबुली सुरू झाली. ती म्हणताना पूर्वेकडे तोंड करून उभं राहायचं, ही हॅगथॉर्नची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. पाळकसाहेब उठले, म्हणून सगळे उठले. पाळकसाहेब भांड्यांच्या कपाटाकडे वळले.

"पूर्व तिकडे नाही, पाळकसाहेब," क्लेगबाई म्हणाल्या. "सकाळचं ऊन माझ्या स्वयंपाकघरात येतं. माझं घर समोर. म्हणजे पूर्व खिडकीकडे."

"अहो, तुमच्या घरावरून परमेश्वराची दिशा ठरते का?" कुणीतरी म्हणालं.

"माझ्या नाही, सूर्याच्या! त्याला विचारा!"

अर्धी खोली खिडकीकडे वळली. पाळकसाहेबांना क्लेगबाईंचं पटलं, म्हणून तेही वळले. तोवर विल्फ्रेडनं, आपल्याच घरात आपल्याला दिशा कळू नये याचा राग येऊन, पूर्व संडासाच्या दाराकडे असल्याचं ठणकावून सांगितलं. त्यामुळे पाळकसाहेब पुन्हा फिरले आणि या दोन फेऱ्यांत रेडिओची वायर त्यांच्या घोट्याभोवती नीट गुंडाळली गेली. मग त्यांनी भक्तिभावानं एक पाऊल पुढे टाकलं.

रेडिओ फडताळावरून सरळ ट्रायफलमध्ये गेला. जेलीतून, कस्टर्डमधून, तळाच्या केकपर्यंत. निवेदक, गायकवृंद, ऑर्गन, सगळं एका बुडबुड्यात संपलं.

"अगं बाई!" क्लेगबाई म्हणाल्या. "आता हो? शेवटचं मोठं वादन राहिलंच की! बिचारी टॅमसिन!" बिचारी म्हणताना त्यांचा चेहरा बराच टवटवीत दिसत होता.

विल्फ्रेड मात्र मनातून हरखला. नाव ऐकू येणार नव्हतं, लाज राहिली होती. भीक न मागता देवानं झोळी भरली होती. "चालायचंच," तो उसासा टाकून म्हणाला. "देवाची इच्छा. चहा घ्या."

तो किटली उचलणार, तेवढ्यात त्याच्या डोळ्यांसमोर टॅमसिन आली. चॅपलमध्ये उंचावर, ऑर्गनच्या बाकाशेजारी उभी. पानाचा कोपरा दोन बोटांत, नजर सुरांवर. पान क्षणभर आधी उलटलं तरी घोटाळा, क्षणभर उशिरा उलटलं तरी घोटाळा, आणि ऐकायला सारा देश. पोर तिथे श्वास रोखून उभी असणार, आणि इथे तिचा आजोबा कस्टर्डमध्ये बुडालेल्या रेडिओकडे बघून खूश! विल्फ्रेडला स्वतःची इतकी लाज वाटली, की किटली तशीच ठेवून तो न्हाणीघरात धावला. दाढी करताना ऐकायचा जुना ट्रान्झिस्टर घेऊन आला आणि खोलीच्या मधोमध उभा राहिला.

"हे बघा, टॅमसिन वाजवत नाही," तो म्हणाला. "ती पानं उलटते. मला आज सकाळीच कळलं."

 क्लेगबाईंनी थाळी बाजूला ठेवली.

"पानं उलटते? म्हणजे आम्ही इतका वेळ इथे बसून पानं उलटणं ऐकत होतो?"

"हो."

"मला तर काही ऐकू आलं नाही!"

"नाहीच येणार!" विल्फ्रेडचा आवाज चढला. "ऐकू आलं, तर तिचं चुकलं! गाडी वेळेवर पोचली, तर कंडक्टरला कुणी विचारतं का? ड्रायव्हरला सलाम करून उतरतात सगळे. पण घंटी कोण देतं? माझी नात आत्ता घंटी देतेय, बाई, आणि साऱ्या देशाची गाडी तिच्या बोटावर चाललीय. मला अभिमान आहे तिचा. ज्याला ऐकायचंय त्यानं बसावं. ज्याला नसेल ऐकायचं, त्याचा कोट जिन्यावर आहे."

कोट घ्यायला कुणी उठलं नाही.

त्यानं ट्रान्झिस्टर लावला. आशीर्वाद होऊन गेला होता आणि शेवटचं वादन सुरू होत होतं. आता खरं सांगायचं, तर हे शेवटचं वादन हॅगथॉर्नमध्ये आजवर कुणीही ऐकलेलं नव्हतं. ते सुरू झालं, की कोट चढवायचे, छत्र्या शोधायच्या आणि कुणाचा गुडघा कसा आहे ते विचारायचं, हीच रीत. खुद्द पाळकसाहेब त्या वेळी दारात उभे राहून हात मिळवत असत. आज मात्र सगळी डोकी त्या चिमुकल्या डब्याभोवती गोळा झाली. ऑर्गन गडगडत होता, धावत होता, खाली उतरून पुन्हा चढत होता, आणि सगळे कान त्या सुरांच्या मागची कागदाची सळसळ शोधत होते. पाळकसाहेबांनी डोळे मिटले होते. घोट्याला वायर तशीच होती.

खस्स.

"ऐकलंत?" क्लेगबाईंनी विल्फ्रेडचं मनगट धरलं.

"शू!"

खस्स.

"दोनदा!" क्लेगबाई कुजबुजल्या. "किती हलका हात आहे पोरीचा!"

मागच्या खुर्चीत नोरीनबाईंनी दुसऱ्या टॉफीचा कागद हळूच एप्रनच्या खिशात टाकला. घाबरल्या, की त्यांना काहीतरी गोड खायला लागत असे.

शेवटचा सूर चॅपलच्या छतापर्यंत जाऊन विरला. निवेदकानं वाजवणाऱ्याचं नाव घेतलं. ते दुसऱ्याच कुणाचं होतं, पण ठरल्याप्रमाणे टाळ्या झाल्या आणि अगदी कडकडून झाल्या. विल्फ्रेडनं रुमाल काढून नाक शिंकरलं. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा ते बराच वेळ चाललं.

तेवढ्यात फोन वाजला.

"ऐकलं ना आजोबा?" टॅमसिन धापा टाकत म्हणाली. "काय वाजवलं ना सरांनी शेवटी!"

"ऐकलं, पोरी. अख्ख्या गावानं ऐकलं. तुझं पान उलटणंसुद्धा."

"शेवटच्या वादनात? छे! ते सरांना पाठ आहे. पुस्तक उघडलंसुद्धा नाही. मी हात बांधून उभी होते. मी पानं उलटली ती मरियेच्या स्तोत्राला. एकही चुकलं नाही, आजोबा!"

विल्फ्रेडला त्या स्तोत्राच्या वेळी क्लेगबाईंनी मागितलेली मोहरी आठवली. तो काही बोलणार, तोच क्लेगबाईंनी त्याच्या हातातून रिसीव्हर काढून घेतला.

"टॅमसिन, बाळ, मी क्लेगबाई. शेवटच्या वादनात तू दोनदा पान उलटलंस ना? मी माझ्या कानांनी ऐकलं!"

मग त्या ऐकत राहिल्या. खोली त्यांच्याकडे बघत होती. त्यांच्या गळ्यापासून एक लाली हळूहळू वर चढली आणि कानांपर्यंत गेली.

"काय म्हणतेय हो?" पाळकसाहेबांनी विचारलं.

क्लेगबाईंनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. आठ वर्षांची ती उलटी छत्री विल्फ्रेडच्या ओठांवर आली होती. नुसतं तोंड उघडायचा अवकाश होता.

"दोनदाच, म्हणतेय," विल्फ्रेड म्हणाला. "बरोबर ओळखलंत, बाई."

खोलीभर वाहवा झाली. क्लेगबाईंनी रिसीव्हर जपून त्याच्या हातात दिला आणि क्षणभर त्याच्याकडे असं पाहिलं, जसं आठ वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. मग मान ताठ करून त्या पाळकसाहेबांकडे वळल्या आणि म्हणाल्या,

"खरं सांगायचं, तर मला तिसऱ्यांदाही ऐकू आलं होतं. पण म्हटलं, आपणच कशाला बढाई मारा."