पार्वतम्मांची पोस्ट आणि टेंभुर्णीची पंगत

मला एकाच गोष्टीचा राग येतो, आणि तो रोज येतो. इंटरनेटवर जाहिराती लिहिणाऱ्यांचा! "हे वाचून तुमचा विश्वासच बसणार नाही!" "आजच्या धावपळीच्या युगात..." "ऑफरचे शेवटचे काही तास!" हे शेवटचे तास गेली कित्येक वर्षं चालू आहेत. मी स्वतः कंटेंट लिहितो. सोलापुरात सात रस्त्याला, एका दातांच्या दवाखान्याच्या वर माझं ऑफिस आहे. लोकांची उत्सुकता उगाच ताणायची नाही, हे माझं तत्त्व मी भेटेल त्याला ऐकवतो. खालच्या डॉक्टरांच्या पेशंटनाही ऐकवलेलं आहे, कारण त्यांना उलट बोलता येत नाही.

पार्वतम्मांनी मला काम दिलं ते याच भाषणावर. कडक भाकरी आणि शेंगा चटणी हा त्यांचा १९९१ पासूनचा धंदा. हाताखाली गल्लीतल्या दहा-बारा बायका. आता नवीन पाकिटं आली होती, मोबाईलवरून ऑर्डर सुरू व्हायची होती, आणि ही बातमी गावभर करणं माझ्याकडे होतं. त्यातच टेंभुर्णीच्या कुंडलिकरावांच्या मुलीचं लग्न निघालं. एवढी मोठी ऑर्डर पार्वतम्मांना आजवर मिळाली नव्हती. घरात छतापर्यंत भाकरीच्या चवडी लागल्या होत्या.

"ही पंगत नीट पार पडली की बायकांना बारा महिने काम मिळतंय बघ," त्या म्हणाल्या होत्या. "न्हायतर पावसाळ्यात निम्म्या घरी बसतील."

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मी पोस्ट टाकली. पांढरी पार्श्वभूमी. पार्वतम्मांचा कृष्णधवल फोटो, कारण रंगीत फोटो बाजारू दिसतो. खाली मजकूर: 'पार्वतम्मा. १९९१ ते २०२५. एक पर्व संपलं. उद्या सकाळी दहा वाजता, राहत्या घरी.' बस्स! जुनं पर्व संपून नवीन पाकिटं येताहेत, हे उद्या कळेल. याला उत्सुकता ताणणं म्हणत नाहीत, याला संयम म्हणतात, अशी मी स्वतःची समजूत घातली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

आता सोलापुरात चौकाचौकात फ्लेक्स असतात. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर फेटा असतो, गॉगल असतो, सात-आठ रंग असतात. बिनरंगाचा फोटो, खाली दोन सालं आणि राहत्या घरचा पत्ता असलेला फ्लेक्स कशाचा असतो हे शेंबड्या पोरालाही कळतं. मला कळलं नाही, कारण मी डिझाइनचा कोर्स केलेला आहे.

झोपेपर्यंत पोस्टखाली शेकडो लोकांनी हात जोडले होते. मला वाटलं, नमस्कार करताहेत! प्रतिक्रिया मी मोजल्या, वाचल्या नाहीत. आमच्या धंद्यात वाचायची पद्धत नाही.

सकाळी पोचलो तर गल्ली माणसांनी भरलेली. एवढा प्रतिसाद मी उभ्या करिअरमध्ये पाहिला नव्हता! बरेच जण पांढऱ्या कपड्यांत होते, ते मला पोस्टशी जुळवून घेतल्यासारखं वाटलं. मी दारात उभा राहून चटणीची नमुन्याची पाकिटं वाटायला लागलो. एका आजोबांनी पाकीट कपाळाला लावलं आणि रडायला लागले. शेजारणी पिठलं-भाकरी झाकून घेऊन आल्या होत्या, दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून. भाकरीवालीच्या घरी भाकरी! तेव्हा कुठे मी पाकिटं वाटायचं थांबवलं.

तेवढ्यात मैंदर्गीहून एक टेम्पो येऊन थांबला. पार्वतम्मांचे थोरले भाऊ महादेवप्पा हार घेऊन, डोळे पुसत उतरले. आवाज ऐकून पार्वतम्मा पिठाच्या हातांनी बाहेर आल्या.

"आण्णा, काय झालं? कोन गेलं?"

महादेवप्पांनी हार खाली केला. "तूच की. मातीला आलोय तुझ्या."

मग सगळ्यांच्या नजरा हळूहळू माझ्याकडे वळल्या. मी पोस्टचा उद्देश समजावून सांगायला लागलो, पण कोणी ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हतं.

आणि पार्वतम्मांचा फोन वाजला. त्यांचे हात पिठाचे, म्हणून मी उचलला. कुंडलिकराव. झालं ते वाईट झालं म्हणाले, पण सुतकाच्या घरची भाकरी लग्नात चालत नाही, माल पाठवू नका. पार्वतम्मांनी माझ्या हातातून फोन हिसकावला आणि मी जिती हाय म्हणून सांगितलं.

"आवाज तर त्यांचाच हाय," कुंडलिकराव म्हणाले. "पन आजकाल मोबाईलमदी आवाजबी खोटा काढत्यात आन चेहराबी. आमी कशावर इस्वास ठेवायचा? माणूस हितं आणा."

बायकांचे चेहरे उतरले. चवडींकडे बघून मलाही रडू येईल असं वाटायला लागलं. मी तातडीने खुलासा टाकला: 'पार्वतम्मा सुखरूप आहेत.' सरळ, स्वच्छ, माझ्या तत्त्वात बसणारा. त्याला अकरा लाईक मिळाले. त्यातला एक माझा होता.

पार्वतम्मा मात्र फक्त हात धुऊन आल्या. "आण्णा, टेम्पो आणलाच हाईस तर भाकरी भर. अन् हार राहू दे, नवरीला हुईल."

मातीला आलेल्या माणसांनी चवडी भरल्या. पार्वतम्मा आणि महादेवप्पा पुढे ड्रायव्हरशेजारी बसले, मी मोटरसायकलवर मागोमाग. टेंभुर्णीच्या मांडवात त्या उतरल्या तेव्हा एक बाई किंचाळून खुर्चीसकट मागे गेली. कुंडलिकरावांनी आधी हात जोडले, मग त्यांना चहा दिला आणि त्या तो पितात का ते निरखून पाहिलं. भाकरी घेतली, पण अट घातली: जेवणं होईपर्यंत पार्वतम्मांनी पंगतीसमोर बसायचं. पाहुण्यांनीही पोस्ट वाचलेली होती ना!

त्या बसल्या. माणसं आधी त्यांना बघून यायची, मग पानावर बसायची. शेवटच्या पंगतीनंतर एकही भाकरी उरली नाही आणि तीन लग्नांची बोलणी तिथेच झाली. तिन्ही घरांची एकच अट: बाई स्वतः समोर बसणार असतील तर.

"बघा," मी संधी साधली, "याला आमच्यात ब्रँडची ओळख म्हणतात."

"व्हय का?" पार्वतम्मा टेम्पोत चढता चढता म्हणाल्या. "मग आता दर लग्नाला मला जिती हाय म्हून दाखवायला जावं लागतंय. टेम्पोत पुढं डायवर, मी आन आण्णा. मागं चवडी धरायला कोन?"

कार्डावर मी अजूनही कंटेंट स्ट्रॅटेजिस्ट आहे. रस्ता खराब लागला की टेम्पोत मागे चवडी दोन्ही हातांनी धरतो. आजवर एकही भाकरी तुटलेली नाही!