बास्तियाँचे दोन तुकडे

शुक्रवारी सकाळी सदानंद चिरमुलेनं पाव कापायच्या सुरीनं बायकोच्या कादंबरीचे बरोबर दोन तुकडे केले.

"अहो, हे काय केलंत!" नीला लाटणं हातात घेऊनच बाहेर आली.

"प्रॉब्लेम सॉल्व्ह केला," सदानंद सुरी पुसत म्हणाला. तो कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअर होता, आणि अडलेली कोणतीही वस्तू उघडली की चालू लागते यावर त्याची श्रद्धा होती.

प्रॉब्लेम तसा खरा होता. बहरीनच्या मराठी मंडळानं एका जुन्या, गाजलेल्या फ्रेंच कादंबरीच्या मराठी अनुवादावर कार्यक्रम ठेवला होता. विषय होता 'प्रेम, हालअपेष्टा आणि चारित्र्य'. बोलणार होत्या दोघी. एक नीला, दुसरी वरच्या मजल्यावरची शरीफुन्निसा. पुस्तक मात्र एकच, पुण्याहून गोड्या मसाल्याच्या पुडीला टेकून आलेलं. "आपा, आधी तुम्ही वाचा." "नाय गो, आदी तू वाच." या आग्रहात पुस्तक जिन्यावरून नुसतं खालीवर होत राहिलं आणि दोघींपैकी कुणीही पहिलं पान उलटलं नाही.

शरीफुन्निसाचा नवरा जमालुद्दीन, मनामाच्या बाजारात कापडाचा व्यापारी, कापलेलं पुस्तक पाहून खूश झाला. "बरोबर केलाव, सदानंदभाऊ. सुरमय अख्खी कोन खातो? तुकडे करूनच खातात."

आधी पूर्वार्ध नीलानं वाचायचा, उत्तरार्ध शरीफुन्निसानं, मग अदलाबदल, असं ठरलं. कथेचा शेवट आधी वाचण्यात शरीफुन्निसाला काहीच गैर वाटलं नाही. रत्नागिरीच्या शाळेत असताना वाचनालयातल्या निम्म्या पुस्तकांना पहिली पानंच नसायची, असं ती म्हणाली.

चार दिवस शांततेत गेले. पाचव्या दिवशी सदानंद ऑफिसातून आला आणि नेहमीप्रमाणे म्हणाला, "वा, काय सुरेख वास येतोय गं!"

नीलानं पुस्तकातून वर पाहिलंसुद्धा नाही. "बास्तियाँपण असंच गोड बोलायचा."

"कोण?"

"नायक. नायक कसला, लफंगा! त्या बिचाऱ्या सोलांजला गोड बोलून गावातून पॅरिसला आणलं. ती नदीच्या बर्फासारख्या पाण्यात लोकांचे कपडे धुतेय, हातांना भेगा पडल्यात, आणि हा एक दिवस 'आलोच' म्हणून गेला तो गेलाच! गोड बोलणारे सगळे एका माळेचे मणी."

सदानंदनं आमटी निमूटपणे गिळली. चांगली झाली होती, पण सांगायची सोय राहिली नव्हती.

वरच्या मजल्यावर नेमकं उलटं चाललं होतं. तिथे पोचलेल्या उत्तरार्धात बास्तियाँचे केस पिकले होते. तो परत आला होता, हमाली करत होता, स्वतः उपाशी राहून सोलांजच्या लेकीला पाव भरवत होता. आजारी सोलांजला पाठीवर घेऊन तो बर्फातून डॉक्टरकडे निघाला तेव्हा शरीफुन्निसाच्या पदराचं टोक ओलं झालं.

जिन्यात दोघी भेटल्या आणि ठिणगी पडली.

"काय मानूस गो तो बस्त्या!" शरीफुन्निसा म्हणाली. "फरिश्ता!"

"फरिश्ता? आपा, तो नालायक आहे!"

"नीला, तोंड सांभाळ. तेच्या पाठीवर तिचा वजन हाय आनि तू तेला नालायक बोलतंस?"

"आधी सोडून गेला, मग कसली पाठ?"

आपण वेगवेगळे तुकडे वाचतोय हे दोघींना माहीत होतं. पण भांडण जमलं की असल्या बारीकसारीक गोष्टी कोण लक्षात ठेवतं? त्या दिवसापासून वरून येणारं माशाचं कालवण बंद झालं आणि खालून जाणाऱ्या पुरणपोळ्याही. सात वर्षांपूर्वी नीला बँकेतली नोकरी सोडून इथे आली, तेव्हा पहिल्या आठवड्यात तिच्या दाराशी उभं राहून "पानी कुटलां पिवाचां ता ठावं हाय काय?" असं विचारणारी एकटी शरीफुन्निसा होती. आता ती जिन्यात पावलं ऐकू आली की दार लावून घेई. नीला दिवसभर कुणाशी बोलत नव्हती, हे सदानंदला कालवण बंद झाल्यावर चौथ्या दिवशी जाणवलं.

गाडी दाखवायला तो तुबलीच्या गॅरेजमध्ये गेला, तर बाकड्यावर जमालुद्दीन बसलेला.

"जमालभाई, गाडी बिघडली?"

"गाडी बरी हाय. घरात बसवत नाय म्हनून आलो." त्यानं सुस्कारा सोडला. "काल पंखा बंद कराला उठलो नाय, तर बोल्ली, बस्त्या बर्फात चालला आनि तुमी पलंगावरनं उतरत नाय. आता बहरीनमदी बर्फ मी कुटनं आनू?"

"माझं उलटं आहे. चांगलं बोललो की संशय."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. उपाय एकच होता.

"बदलून टाकू," सदानंद म्हणाला.

"आजच. यल्ला, चला!"

तुकडे त्याच संध्याकाळी बदलले गेले. दोन दिवसांत नीला डोळे पुसत म्हणाली, "अहो, चुकलंच माझं. माणूस बदलतो. बास्तियाँनं केवढं प्रायश्चित्त घेतलं!" सदानंदनं सुटकेचा निःश्वास टाकला, तेवढ्यात वर भांडं आपटल्याचा आवाज आला. पाठोपाठ जमालुद्दीन खाली आला.

"सदानंदभाऊ, घात झाला. तिला आता कळला, बस्त्या आदी पळाला होता. बोल्ली, मी ज्या मानसासाटी रडले तो असला निगाला. आनि माज्याकडं असा बगते, जसा मीच तेला स्टेशनवर सोडला!"

भांडण जसंच्या तसं राहिलं होतं. फक्त दोघींनी बाजू बदलल्या होत्या.

कार्यक्रमाला अदलियातला छोटा हॉल गच्च भरला. नीला पहिली बोलली. माणूस कसा आहे हे त्याच्या शेवटावरून ठरतं, असं तिनं ठासून सांगितलं. टाळ्या पडल्या. मग शरीफुन्निसा उठली. हातात कागद नव्हता.

"नीला बोल्ली ता मी ऐकला," ती म्हणाली. "पन मला बस्त्याचा राग का हाय, सांगू? तो पळाला म्हनून नाय. गरिबीत मानसां पळतात. तेनं तिला तिच्या गावातनं, आयबापाकडनं उचलून परक्या शहरात आनली. प्रेम केलान, सगला केलान. पन अख्ख्या पुस्तकात एकदा पन तिला इचारला नाय, 'सोलांज, तुला इथं करमता काय?'"

ओळीओळींनी बसलेल्या बायकांनी हळूहळू माना वळवून आपापल्या नवऱ्यांकडे पाहिलं. नवऱ्यांनी छताकडे पाहिलं.

अध्यक्षांनी घाईघाईनं माईक पुढच्या रांगेत सरकवला. "चिरमुले, आपण काही बोलावं."

सदानंदनं पुस्तक कापलं होतं, वाचलं नव्हतं. तरी तो उठला. "दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण शेवटी बास्तियाँ आणि सोलांज सुखानं संसार करतात, हे महत्त्वाचं."

"अहो," नीला व्यासपीठावरून म्हणाली, "ती मरते."

"आनि तो दुसऱ्या दिवशी," शरीफुन्निसानं भर घातली.

दोघींची नजरानजर झाली. आधी शरीफुन्निसाचे खांदे हलले, मग नीलाचे, आणि मग दोघी टेबलावर डोकी टेकवून अशा हसत सुटल्या की आभारप्रदर्शन कुणी ऐकलंच नाही.

कार्यक्रमानंतर गाड्यांपाशी वेगळंच दृश्य होतं. जिकडेतिकडे नवरे बायकोजवळ वाकून हलक्या आवाजात काहीतरी विचारत होते. सदानंदनंही घसा साफ केला. खरं तर त्याला भीती वाटत होती. सात वर्षांत हा प्रश्न त्याला सुचला नव्हता, आणि उत्तर काय येईल याचा त्याला जराही अंदाज नव्हता.

"नीला, तुला इथे करमतं का गं?"

नीलानं त्याच्याकडे पाहिलं. तिचे डोळे हसून ओले झाले होते की आणखी कशानं, ते त्याला कळलं नाही.

"गेले पंधरा दिवस अजिबात करमलं नाही," ती म्हणाली. "आता करमेल. मी आपांबरोबर जातेय, आम्हाला खूप बोलायचंय. तुम्ही बाहेर काहीतरी खाऊन घ्या."

शरीफुन्निसानं जमालुद्दीनच्या हातातून दुकानाच्या व्हॅनची किल्ली घेतली, दोघी व्हॅनमध्ये बसल्या आणि व्हॅन वळणावरून दिसेनाशी झाली. जमालुद्दीन सदानंदच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"तुम्ही विचारलंत, जमालभाई?"

"इचारला ना."

"मग? काय म्हणाल्या?"

"बोल्ली, नीलाला इचारून सांगते."