खवलेदार शेकाट्या

लातूरच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या संघपालने मुरुडच्या तळ्यावर शेकाट्याचा फोटो काढला. लांब गुलाबी पायांचा हा पक्षी पाण्याकाठी कुणालाही दिसतो. पण फोटो जरा पुसट आला, म्हणून संघपालने कॉम्प्युटरवर शार्पनेस वाढवला. एकेक पीस दिसू लागलं. त्याला चेव आला. त्याने आणखी वाढवला.

"अहो, याच्या अंगावर माशासारखे खवले का आलेत?" बायको महामायाने विचारलं.

"पिसांचा तपशील हाय तो. तुला न्हाई कळायचं."

त्याने फोटो पक्षीमित्रांच्या ग्रुपवर टाकला आणि खळबळ उडाली. दोन वर्षांत त्याच्या फोटोंना चार-दोन अंगठ्यांपलीकडे काही मिळालं नव्हतं; आज अभिनंदनांचा पाऊस! ग्रुपचे प्रमुख, नांदेडचे निवृत्त प्राध्यापक वीरण्णा यांनी जाहीर केलं, 'हा साधा शेकाट्या नाही. खवलेदार शेकाट्या! देशात पहिलीच नोंद!'

संघपालने 'सर, थोडं एडिटिंग' एवढं लिहिलं, तोवर वीरण्णांचा दुसरा मेसेज आला. 'रविवारी येतोय. सतरा जण.' संघपालने लिहिलेलं पुसलं.

रविवारी सतरा जण दुर्बिणी लावून तळ्याकाठी बसले. समोर पन्नास शेकाटे, सगळे गुळगुळीत.

"कुठं हाय वो तुमचा खवलेवाला?" किनवटहून आलेल्या केवळाबाई कंबर धरून म्हणाल्या. "लई येळ झाला बघून राहिले मी."

दुपारी संघपालने वीरण्णांना बाभळीआड नेलं. "सर, खवले पक्ष्याला न्हाईत. मी शार्पनेस शंभरवर नेला."

वीरण्णांचा चेहरा पडला. पेपरात बातमी देऊन झाली होती. "आणखी कुणाला म्हाईत हाय?"

"फक्त बायकोला."

"मग गप्प ऱ्हा." वीरण्णा ताडताड काठावर गेले आणि जवळच्या शेकाट्याकडे बोट करून ओरडले, "त्यो बघा! खवले नुसत्या डोळ्यांना दिसत न्हाईत. कॅमेऱ्यातच उतरतात!"

सतरा कॅमेरे खटाखट वाजले.

परतीच्या गाडीत केवळाबाई हळूच म्हणाल्या, "माझ्या कॅमेऱ्यात तर काहीच न्हाई उतरलं."

"माझ्या पण," मागून कुणीतरी म्हणालं. मग तिसरा, चौथा.

वीरण्णा खाकरले. "संघपाल, तुमचं ते शार्पनेसचं जरा सगळ्यांना समजावून सांगा की."

गणिताच्या मास्तरने लातूर येईपर्यंत तास घेतला. एवढं मन लावून ऐकणारा वर्ग त्याला शाळेत कधीच मिळाला नव्हता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ग्रुपवर सतरा खवलेदार शेकाटे उतरले. केवळाबाईंनी तर इतका जोर लावला, की त्यांच्या पक्ष्याच्या चोचीलाही खवले आले होते.

वीरण्णांनी त्याखाली लिहिलं, 'ही मादी असावी.'