शेवग्याच्या बुडात दिवा

माणसानं बंगला बांधला की त्याच्या अंगणाला काही कर्तव्यं चिकटतात, आणि ती सूर्य मावळल्यावर सुरू होतात. चौथीपर्यंतच्या शाळेत मला हे कुणी शिकवलं नाही. आमच्या सोमशेखरनं शिकवलं. तो माझा मुलगा, इंजिनियर आहे. त्याला बाहेर सगळे विचारतात.

त्यानं कोल्हापुरातल्या आमच्या अंगणात 'वातावरण' बसवून घेतलं. वातावरण बसवायला दोन माणसं आणि एक ड्रिल मशीन लागतं. यातल्या दिव्याचं तोंड वर असतं. शेवग्याच्या बुडात एक, कढीपत्त्याला एक, नारळाला दोन (उंचीचा मान) आणि धुण्याच्या दगडाला एक, कारण असला दगड हल्ली मिळत नाही असं डिझायनरचं मत पडलं. शेवगा तर इतका देखणा झाला की त्याच्या शेंगा काढायला बंदी आली. सदर दगडावर धुणं धुणंही बंद आहे.

वातावरण दिसायचं तर घरात अंधार पाहिजे. म्हणून सात वाजले की आतले दिवे बंद. सूनबाई सुष्मिता मोबाईलच्या बॅटरीवर भाकरी थापते. अंगणात बसायची सोय नाही, उजेडाला किडे येतात. आम्ही खिडकीतून बघतो. गल्लीतली दहापैकी नऊ माणसं थांबून बघतात. दहावे आमचे धाकटे दीर, ते न थांबता बघतात.

अशात नात विद्याश्रीला नेसरीचं स्थळ आलं. चार मुलं नाकारलेल्या पोरीनं हा मुलगा स्वतःहून पसंत केला होता. फक्त वडीलधाऱ्यांचं बघणं राहिलं होतं. सोमशेखरनं पावण्यांना मुद्दाम दिवेलागणीनंतर बोलावलं. दिवसा नुसतं घर दिसतं.

पोहे तयार होते. आम्ही सगळे अंधारात खिडकीशी. गाडी आली, फाटकापुढं थांबली, मागं सरकली.

"लांबून बघत्यात," सोमशेखर समाधानानं म्हणाला.

गाडी वळली आणि गेली.

मी नेसरीच्या मुलाच्या चुलत्याला, शिवय्यांना फोन लावला. ते तोडून बोलले.

"आक्का, पोरीची सुपारी दुसरीकडं फोडताय, तर आधी सांगायचं की. आम्ही कशाला आलो असतो?"

त्यांचा हिशोब चोख होता. झाडाझाडाला लायटिंग म्हणजे घरात कार्य. आत अंधार म्हणजे घरची सगळी हॉलवर गेलेली. मी सांगितलं, कार्य काही न्हाय, आम्ही सगळे घरातच हाय.

"मग अंधारात का बसलाय?"

मी सोमशेखरकडं बघितलं, तर अंधारात तो दिसेना. शेवटी म्हटलं, शेवगा बघतोय.

शिवय्या म्हणाले, "आक्का, राग मानू नका. असल्या घरची सोयरीक आमास्नी झेपायची न्हाय."

विद्याश्रीनं पोहे झाकून ठेवले आणि घरातले सगळे दिवे लावले. वातावरण लगेच गेलं.

ही हकीकत मी भिशीत सांगितली, दवाखान्यात सांगितली, जोतिबाच्या पायऱ्यांवर अनोळखी बायकांना सांगितली. सगळ्यांनी मन लावून ऐकली, आणि मग विचारलं की नारळाला एक दिवा पुरतो का दोनच लागतात. तुम्हीही ऐकता ऐकता त्या दिव्यांपाशीच घुटमळलाय, पावणं, लाजू नका. डिझायनरचा नंबर सुष्मिताकडं आहे. विद्याश्रीचा बायोडाटाही तिच्याकडंच आहे. तो अजून कुणी मागितलेला नाही.