तीन मीटरपर्यंतचे मालक

जमिनीची मालकी वर आकाशापर्यंत आणि खाली पाताळापर्यंत असते, असे कायद्याचे जाणकार फार पूर्वीपासून सांगत आले आहेत. मधला थोडा भाग तेवढा वीज मंडळाचा असतो. हा भाग जमिनीपासून तीन मीटरवर सुरू होतो. त्याच्या खाली मालकाला संपूर्ण स्वातंत्र्य आहे. तिथे तो उभा राहू शकतो, बसू शकतो, (हातात लांब काठी नसेल तर) फिरू शकतो आणि जमिनीचा कर भरू शकतो.

ओट्टप्पालमजवळच्या पेरुंकुन्नू गावात अप्पुण्णी नायरांना हे स्वातंत्र्य चौदा वर्षांपूर्वी मिळाले. उच्च दाबाची वाहिनी त्यांच्या आवारावरून जाणार हे आधीच ठरले होते, म्हणून मंडळाने त्यांचे मत मागवले : आवाराचा कोणता भाग आपल्याला सर्वांत कमी लागतो? सरकारी प्रश्नाला खोटे उत्तर द्यायचे नायरांच्या अंगात नव्हते. त्यांनी रात्रभर विचार करून लिहून दिले, "दक्षिणेकडचा. तो जन्मात एकदाच लागतो."

घरचे माणूस गेले की आवारातले आंब्याचे झाड तोडायचे, दक्षिणेच्या तुकड्यात त्या लाकडांवर माणसाला अग्नी द्यायचा आणि अस्थी उचलल्यावर त्याच जागी नारळाचे रोप लावायचे. रोप धरले की माणूस पुन्हा घरी आला. हे पेरुंकुन्नूत शेंबड्या पोरालाही कळते. सर्वेक्षक बहुधा परगावचा असावा. त्याने 'वापर : नगण्य' अशी नोंद केली आणि मंडळाने आभाराचे पत्र पाठवले.

तीन वर्षांपूर्वी, मकर महिन्यात, अप्पुण्णी नायर वारले आणि ती एकदाची वेळ आली.

त्यांची मुलगी वसुमती (वय अठ्ठेचाळीस, अविवाहित, वडिलांजवळच राहणारी) त्यांना ओसरीवर ठेवून मंडळाच्या कार्यालयात गेली. वाहिनीखाली जाळ करायचा तर वीज बंद ठेवावी लागते, आणि त्यासाठी जागेच्या मालकाने सात दिवस आधी स्वतःच्या सहीने अर्ज करावा लागतो. अट वाजवी होती. मालकानेच वेळेवर कळवले नव्हते.

सहायक अभियंता थंकच्चन मनाने चांगले होते. (या प्रकरणात वाईट मनाचा माणूस शोधूनही सापडलेला नाही.) त्यांनी सात दिवसांची अट आणि सही स्वतःच्या जबाबदारीवर माफ केली. अर्जात वीज बंद ठेवण्याची कारणे मात्र चारच छापलेली होती : विहीर, बांधकाम, उत्सव, पीककापणी.

"चेची, उत्सवावर खूण करू नका, पोलिसांचा दाखला मागतील," ते हळूच म्हणाले (तिकडे ताईला चेची, साहेबांना सार आणि वडिलांना अच्छन म्हणतात). "पीककापणीवर करा."

"पीक कोणतं लिहू, सार?"

"अच्छनचं वय काय होतं?"

"ब्याऐंशी."

"मग 'दीर्घ मुदतीचं' लिहा."

त्या दुपारी वीज अडीच तास बंद राहिली. तेवढ्या वेळात चारशे सतरा तक्रारी आल्या : तीनशे नव्वद पंख्याच्या, सव्वीस मोबाइलच्या आणि एक वितळलेल्या आइस्क्रीमची. यांतल्या पाच चितेपाशी उभ्या असलेल्या नातलगांनी केल्या होत्या.

अस्थी उचलल्या. वसुमतीने खड्डा खणला, रोप हातात घेतले, तोच थंकच्चन स्कूटरवरून आले.

"चेची, तीन मीटरच्या वर जाणारं झाड वाहिनीखाली चालत नाही."

"हे गुडघ्याएवढं आहे, सार."

"आजच्या उंचीचं काही नाही हो. झाडाच्या मनात काय आहे, ते बघावं लागतं."

त्यांनी मान्यताप्राप्त वनस्पतींची यादी दिली : हळद, आले, अननस, सुरण आणि (शोभेसाठी) झेंडू. घरच्यांची बैठक बसली.

"अननस लाव," वसुमतीचे कुट्टन मामा म्हणाले. "नाहीतरी तुझ्या बापाच्या अंगाला हात लावायची सोय नव्हतीच."

"मामा!"

"बरं, मग सुरण. वर्षात चांगला पोसतो."

"आणि वर्षानं उपटल्यावर खायचा कुणी?"

सुरण मामांना फार आवडे, पण त्यांनी तो विचार सोडला. म्हणाले, "मग नारळच लाव, पण उत्तरेला. तिकडे तारा नाहीत."

"उत्तरेला अच्छन नाहीत, मामा."

अखेर नियमातच वाट सापडली. मालकाने हमीपत्र लिहून दिल्यास नारळाला तात्पुरती परवानगी मिळते. 'सदर झाड तीन मीटर उंचीचे होताच वीजग्राहकांच्या हितासाठी तोडण्यात येईल.' खाली एक रकाना होता : झाड तोडणाऱ्याचे नाव.

"सही कर गं," मामा म्हणाले. "तेव्हाचं तेव्हा बघू."

तिथे स्वतःचे नाव लिहायचे, एवढेच काम होते. वसुमतीने पेन बराच वेळ धरून ठेवले. मग लिहिले, 'ज्याच्या हितासाठी तोडायचे तो वीजग्राहक, स्वतः.'

थंकच्चननी ते तीनदा वाचले. "असं कुणी लिहीत नाही, चेची."

"चुकलंय का?"

त्यांनी नियमांचे पुस्तक मागून पुढे आणि पुढून मागे चाळले. चुकले नव्हते. शिक्का बसला.

झाड छान धरले. दर सहा महिन्यांनी थंकच्चन टेप घेऊन येतात, चपला काढून माप घेतात आणि घाईघाईने निघून जातात. गेल्या आठवड्यात माप दोन मीटर ब्याण्णव सेंटिमीटर भरले; आता आठच उरले आहेत. तेव्हा हमीपत्रानुसार एक ग्राहक नेमणे मंडळाला आता भाग आहे. ही वाहिनी पुढे राज्याची हद्द ओलांडून देशाच्या जाळ्याला मिळते, त्यामुळे यादी फार मोठी झाली आहे. आपण हे पंख्याखाली किंवा दिव्याखाली बसून वाचत असाल, तर आपले नाव तीत आहे.

पत्र आल्यावर यावे. कोयता स्वतःचा आणावा. झाड दाखवायला वसुमती बरोबर येईल. आपण घाव घालत असताना ती तोंड फिरवणार नाही, असे तिने मंडळाला लेखी कळवले आहे.